दुसरा बेंजो

बेंजोवाल्याचं वर्ष गोविंदाला सुरू होतं. दहीहंडी, गणपती, नवरात्र, मग लग्नसराईतल्या हळदी, शिवजयंती, चौदा एप्रिल, आणि पाऊस पडला की सगळं बासनात. मधल्या भाकड महिन्यांत पोटासाठी प्रत्येकाने काहीतरी धरलेलं असतं. आमच्यातला एक रिक्षा चालवायचा, एक मेडिकलच्या दुकानात बसायचा. मी एका साउंडवाल्याकडे लोडर म्हणून जायचो. टेम्पोतून स्पीकर उतरवायचे, केबली ओढायच्या, कार्यक्रम आटपला की त्याच केबली गुंडाळून परत टेम्पोत भरायच्या. हजेरीवर पैसे, रात्रीचं जेवण, आणि जे काही वाजेल ते फुकट ऐकायला. वाजायचं काय, तर पुढाऱ्यांच्या सभा, शाळांची स्नेहसंमेलनं, ऑर्केस्ट्रा आणि कंपन्यांच्या पार्ट्या. फुकट असूनही महाग वाटावं असं बरंच ऐकलं.

१ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर आयर्न मेडनचा कार्यक्रम होता, आणि त्याच्या उभारणीला आमच्या शेठकडून मजूर गेले त्यात मी होतो. बँडचं नाव मला फक्त टी-शर्टांवरून माहीत होतं. फॅशन स्ट्रीटवर टांगलेले काळे टी-शर्ट, त्यावर दात विचकणारा सांगाडा. गाणं एकही ऐकलेलं नव्हतं. आमच्या घरी रॉक म्हणजे 'तो गोंगाट', आणि हे म्हणणारे माझे वडील स्वतः आयुष्यभर लालबागच्या मिरवणुकीत ताशा वाजवत आलेले.

मुंबईला रॉक नवा होता असं नाही. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचं, रॉक मशीनसारखे इथलेच बँड तिथे गाजले. पुढे रुग्णालयं आणि कॉलेज शेजारी म्हणून रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथला दणदणाट थांबला. डीप पर्पल १९९५ मध्ये येऊन गेले. पण आयर्न मेडनसारखा मेटलचा बँड ऐन भरात असताना इथे येणं ही २००७ पासूनची गोष्ट. त्या मार्चमध्ये ते बंगळूरला वाजवून गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी जगाच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून करायचं ठरवलं. पहिला कार्यक्रम आपल्याकडे, मग ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिका. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम. त्यासाठी एक बोईंग ७५७ घेतलेलं, मागच्या खुर्च्या काढून त्यात सामान ठेवायची सोय केलेली, आणि ते विमान चालवणारा पायलट म्हणजे बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन. हे मला मैदानावर एका पोराने सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं. आमच्याकडे गायक स्वतःचा माइकसुद्धा उचलत नाही.

उभारणीत मला पहिल्यांदा धक्का बसला तो शांततेचा. एवढा मोठा पसारा, पण आरडाओरडा जवळजवळ नाही. पेट्यांना चाकं, पेट्यांवर आकडे आणि रंगीत पट्ट्या, कुठली पेटी कुठल्या बाजूला जाणार ते ठरलेलं. स्टेजवर जमिनीला चिकटपट्टीच्या खुणा, कोण कुठे उभा राहणार त्याच्या. ड्रमचा एकेक तुकडा एकटा वाजवून पाहायचा, मग गिटारी, एकेक करून. गिटार वाजवणारे ते नव्हेत, गिटारींची देखभाल करणारे. एकच सूर ते इतक्या वेळा छेडत की आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "अरे, पुढचं येत नाही काय याला?" मला मात्र आमचा टेम्पो आठवत होता. सुपारीला पोहोचायचं, मग 'पिन कुठाय, पिन कुठाय' करत अर्धा तास शोधायचं, जनरेटरवाल्याला शिव्या द्यायच्या, आणि आवाज आला की हीच टेस्टिंग समजून थेट वाजवायला घ्यायचं.

संध्याकाळी माझं काम होतं मैदानाच्या मधोमध, मिक्सरच्या मनोऱ्याशेजारी. जाड केबलींवर रबराचे उतार टाकलेले असतात, ते कुणी उचलू नयेत आणि त्यात पाय अडकून कुणी पडू नये, एवढं बघायचं. त्या कामाची किंमत मला नंतर कळली. तिकीट काढून लोक जी जागा धरायला धडपडतात ती हीच. साउंडवाला जिथे बसतो तिथे सगळ्यात नीट ऐकू येतं, कारण त्याने ते स्वतःच्या कानासाठी लावलेलं असतं.

पोरं दुपारपासून येत होती. पुण्याची, नाशिकची, ईशान्येकडची, लांबून रेल्वेने आलेली. सगळी काळ्या कपड्यांत, आणि माझ्या अंगावर शेठच्या नावाचा पिवळा टी-शर्ट.

अंधार झाला आणि स्पीकरमधून एका म्हाताऱ्या माणसाचं इंग्रजी भाषण सुरू झालं. पोरं बेभान ओरडायला लागली. ते चर्चिलचं १९४० मधलं भाषण होतं, हे मला नंतर कळलं. त्याच्यामागून जे गाणं येतं, 'एसेस हाय', ते त्या युद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांवर आहे, म्हणून हे भाषण. आपल्याकडे चर्चिल म्हटलं की बंगालचा १९४३ चा दुष्काळ आठवतो. त्या माणसाच्या आवाजावर मुंबईची पोरं हात वर करून गर्जत होती. राग यावा की हसू, हे मी आजही ठरवलेलं नाही. पण भाषण तुटलं त्या क्षणाला सगळी वाद्यं एकदम पडली आणि मला दुसरं काही सुचेना. या दौऱ्यावर काढलेल्या 'फ्लाइट ६६६' या माहितीपटात हे गाणं मुंबईचंच घेतलं आहे. त्यात मी कुठेही दिसत नाही, तो पिवळा टी-शर्टही नाही.

पहिली दोन-तीन गाणी आवाजाच्या माऱ्यातच गेली. कान जागेवर आला तेव्हा बेस पकडला. स्टीव्ह हॅरिस हा बँडचा मूळ माणूस, १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये त्यानेच बँड उभा केला. तो बेस बोटांनी वाजवतो, पिक लावत नाही. त्याची एक चाल ठरलेली आहे, एक लांब आणि दोन आखूड, एक लांब आणि दोन आखूड. वाजवणारे तिला गॅलप म्हणतात, दौडत्या घोड्याची चाल. मी जागच्या जागी मांडीवर 'धा तिट धा तिट' वाजवून बघितलं, बरोबर बसलं. हे ताशावर येतं, मला लहानपणापासून येतं. फरक इतकाच की आमच्याकडे ते सुरू झालं की चौक येईपर्यंत थांबत नाही, आणि हा माणूस ते गाण्यात चार ठिकाणी काढतो, चार ठिकाणी ठेवतो. 'द ट्रूपर' हे घोडदळाच्या हल्ल्याचं गाणं, क्रायमियाच्या युद्धातलं. तिथे ती दौड पूर्ण वेळ, कारण तिथे ती हवी. मागे निको मॅकब्रेन ड्रमवर, आणि त्याचा ढोल एकाच पायाने. मेटलमध्ये बरेच जण दोन पेडल लावून गडगडाट करतात. हा एका पायावर सगळं भागवत होता आणि म्हणून ते तोलात राहत होतं.

मग गिटारी. तीन. डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ, यानिक गर्स. तीन गिटारी कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याची कथा मला पुढे वाचून कळली, पण इथेच सांगतो, कारण ती आमच्या धंद्याला लागू आहे. स्मिथ १९९० मध्ये बँड सोडून गेला, त्याच्या जागी गर्स आला. १९९९ मध्ये स्मिथ परतला. आमच्याकडे असं झालं असतं तर एकतर परतलेल्याला दारातून हाकललं असतं, नाहीतर मधल्याला नारळ दिला असता, आणि त्यातून दोन बेंजो पार्ट्या झाल्या असत्या. लालबाग-परळात निम्म्या पार्ट्या अशाच जन्मल्यात. यांनी गर्सला ठेवलं, स्मिथला घेतलं आणि काम तिघांत वाटून दिलं.

त्या वाटणीनेच मी अडकलो. एक जण चाल वाजवतोय आणि दुसरा तीच चाल वाजवत नाहीये. तो तिच्या बरोबरीने, पण वरच्या पायरीवरून चाललाय. चाल वर गेली की तोही वर, वळली की तोही वळतो, पण दोघं एकाच सुरावर कधीच येत नाहीत. ऐकताना वाटतं एकच वाद्य आहे, फक्त रुंद झालंय. आमच्या पार्टीत तेव्हा दोन बेंजो होते. दोन्ही बेंजोंवर रात्रभर तीच चाल वाजायची, तोच सूर, दुप्पट आवाजासाठी. दुसरा बेंजो हा आमच्यात पहिल्याचा हात दुखला तर असावा म्हणून ठेवलेला. वाजवणारा मी होतो.

आणि त्यानंतर ते तेरा मिनिटांचं गाणं आलं, 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', कोलरिजच्या कवितेवरचं. जहाज, शाप, समुद्रावर अडकलेली माणसं. गाणं दौडत निघतं आणि मधे अचानक थांबतं. गिटारी गप्प, ड्रम गप्प. नुसता बेस, तोही एकेक सूर टाकत, जहाजाचं लाकूड करकरल्यासारखा आवाज, आणि कवितेच्या ओळी कुणीतरी बोलतंय. वारा पडलेलं जहाज जसं हलत नाही तसं गाणं हलत नाही. एवढ्या मोठ्या मैदानावर, एवढ्या मोठ्या स्पीकरमधून, जवळजवळ काहीच नाही. मी मिक्सरवाल्याकडे बघितलं. त्याची बोटं कळांवर होती आणि तो काहीही वाढवत नव्हता. माझा सगळा जन्म अशा धंद्यात गेला की दोन सेकंद आवाज बंद पडला तर मंडळाचा कार्यकर्ता धावत येतो, "काय झालं, काय झालं?" इथे माणसं मुद्दाम गप्प झाली होती आणि हजारो पोरं श्वास धरून उभी होती. मग कुठूनतरी खालून एक गिटार सुरू झाली, तिच्यावर दुसरी, आणि सगळा बँड परत येईपर्यंत माझ्या हातावर काटा आला होता.

'फिअर ऑफ द डार्क'ला पब्लिक शब्द नाही, गिटारची चालच गात होतं, नुसत्या 'ओ ओ' वर. हे मला ओळखीचं वाटलं. विसर्जनात बेंजोवर चाल सुरू झाली की शब्द कुणी गात नाही, सगळे बेंजोच गातात.

रात्री दहाच्या आत सगळं बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आयर्न मेडनलाही लागू आणि आम्हालाही, एवढीच आमची बरोबरी. नंतर केबली गुंडाळत उजाडलं.

बेंजो म्हणजे काय हे ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. नाव अमेरिकन बँजोचं लागलंय, पण वाद्य जपानी घराण्याचं. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं, लांबट पेटीवर तारा आणि त्यावर टाइपरायटरसारख्या कळा. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, मुंबईच्या गल्ल्यांत त्याला पिकअप लागला, कर्णे लागले आणि मिरवणुकीच्या ट्रॉलीवर चढून ते बेंजो झालं. कळ दाबली की चालीच्या सगळ्या तारा एकदम दाबल्या जातात, त्यामुळे एका वेळी एकच सूर. गिटारसारखे दोन वेगळे सूर एकट्याने काढणं त्यावर अवघड. जोडीचा सूर हवा असेल तर दुसरा माणूसच लागतो.

तो माणूस मी होतो, पण मास्तर तयार होत नव्हते. आमचे मास्तर म्हणजे पहिला बेंजो, वयाने वडिलांच्या बरोबरीचे. म्हणाले, "तू काहीतरी वेगळं वाजवणार आणि लोक म्हणणार दोघांची पट्टी जुळत नाही." त्यांचं चुकत नव्हतं. जोडीचा सूर म्हणजे सरसकट चार कळा पुढे सरकून वाजवणं नव्हे. चाल 'सा रे ग' असेल तर मला 'ग म प' वाजवायचं. सा ते शुद्ध ग चार कळांचं अंतर, पण रे ते म तीनच, ग ते प तीन. म्हणजे अंतर दर सुराला बदलतं, राहावं लागतं ते त्याच सप्तकाच्या चौकटीत. आसावरीच्या सुरांत, म्हणजे ग, ध, नि कोमल असताना, हिशेब आणखी वेगळा. मेडनची बरीच गाणी याच सुरांत आहेत, आपली कितीतरी कोळीगीतंही बदलून तशी वाजवता येतात. त्यामुळे मला प्रत्येक चालीची दुसरी चाल वेगळी बसवावी लागली. वहीत सरगम लिहून, खाली खुणा करून. मास्तर शेवटी तयार झाले तेव्हा एका जुन्या कोळीगीताने सुरुवात केली, कारण त्यात सूर कमी होते.

तालमीत ते छान वाजलं आणि रस्त्यावर पार फुटलं. दोन सूर, मधेच एक तिसराच गुरगुरणारा आवाज. सुरुवातीला मास्तर माझ्याकडे बघत होते, मी मास्तरांकडे. त्याचं कारण शेवटी मी ज्या साउंडवाल्याकडे राबायचो त्याच्याच एका जुन्या माणसाने सांगितलं. दोन्ही बेंजोंच्या वायरी एकाच अँपमध्ये आणि अँप फुटेस्तोवर वाढवलेला. आवाज फाटतो तेव्हा दोन सुरांच्या मिश्रणातून भलतेच सूर तयार होतात. एका सुराला फाटलेला आवाज चालतो, उलट गोड लागतो, बेंजोची सगळी गंमत त्यातच आहे. दोन सूर मात्र वेगवेगळे फाडावे लागतात. मला मैदानावरच्या त्या पेट्या आठवल्या, प्रत्येक गिटारवाल्याचा आपापला अँप. जमवाजमव करून दुसरा अँप आणला, ट्रॉलीच्या उजव्या बाजूला मास्तरांचे कर्णे, डाव्या बाजूला माझे. आणि दोघांचाही आवाज थोडा खाली. खाली आणायला मास्तरांना पटवणं हे सगळ्यात कठीण काम होतं.

त्या वर्षीच्या गणपतीत एका मंडळाच्या अध्यक्षांनी "दुसरा बेसूर वाजवतोय" म्हणून पैसे कापायची भाषा केली. दुसऱ्या मंडळाच्या पोरांनी तीच चाल चारदा वाजवायला लावली. दोन्ही खरं आहे. ढोलाच्या गजरात जोडीचा सूर ऐकूच येत नाही, आणि अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंना चाळी असल्या की तो भिंतींवरून फिरून असा येतो की बायका गॅलरीत येऊन उभ्या राहतात. थांबणं मात्र सगळीकडे चाललं. चाल ऐन रंगात असताना एका इशाऱ्यावर ताशे-ढोल बंद, एकटा बेंजो दोन ओळी, आणि मग सगळे एकदम. कार्यकर्ता पहिल्यांदा धावत आला, दुसऱ्यांदा नाही. आता आसपासच्या बऱ्याच पार्ट्या हे करतात. आमच्याकडूनच शिकले असा माझा दावा नाही, पण आमच्या आधी मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

मला कुणी विचारतं, मग गिटार का नाही घेतलीस, बँड का नाही काढलास? बेंजोवर रवी जाधवांचा हिंदी सिनेमा २०१६ मध्ये आला तेव्हा तर हा प्रश्न फार आला. मी घेतली गिटार, थोडी शिकलोही. पण माझं वाद्य ठरलेलं होतं. मैदानावर मला जे मिळालं ते गिटारमध्ये नव्हतंच. मोठा आवाज करणाऱ्या माणसांनी आपसांत काम कसं वाटावं, कुणी कधी गप्प बसावं, हे मी तिथे बघितलं. आपल्याकडे तर डीजेशी बरोबरी करायची म्हणून बेंजोवाले वर्षानुवर्षं फक्त कर्णे वाढवत गेले. त्या शर्यतीत बेंजो कधीच जिंकणार नाही. भिंत उभी करायची झाली तर डीजेच्या भिंतीपुढे आमची ट्रॉली म्हणजे खेळणं. डीजे जे करू शकत नाही ते म्हणजे समोरच्या पोरांचे पाय बघून जागच्या जागी चाल बदलणं, थांबणं, दोन सुरांत वाटणी करणं. वाढवायचं असेल तर ते वाढवायला हवं.

मंडळांच्या बैठका आता सुरू होतील. यंदा डीजे की बेंजो, हा विषय निघेलच. पार्टी ठरवताना नुसतं 'किती कर्णे' विचारू नका, 'दुसरा बेंजो काय वाजवतो' तेही विचारा. आणि सुपारी द्यायच्या आधी एकदा तालमीला येऊन ऐका. आमची करी रोडला असते, रात्री आठला सुरू होते आणि दहाला बंद.